इंग्रजीतल्या ‘टू नो’ला आइसलँडिकमध्ये तीन क्रियापदं का, आणि कुठलं कधी वापरायचं?

तुम्ही लिहिलंय की मास्टर्सला रेक्याविकला जायचंय, ‘आय नो’साठी विता, थेक्या आणि कुन्ना अशी तीन क्रियापदं घोकून डोकं पिकलंय, तर इंग्रजीतून लक्षात ठेवायची काही ट्रिक आणि एखादं अ‍ॅप सांगा. ट्रिक आहे पण ती इंग्रजीतून नाही. प्रश्न मराठीत विचारलाय ना, मग इंग्रजीला मध्ये घेताच कशाला?

मला माहीत आहे = विता. मी ओळखते = थेक्या. मला येतं = कुन्ना. बस कधी आहे ते माहीत नाही, तिथे विता. त्या बाईंना मी ओळखते, तिथे थेक्या. पोहता येतं, मराठी येतं, कविता पाठ येते, तिथे कुन्ना. ‘मी’बरोबर रूपं येग वेइत, येग थेक्की, येग कन अशी होतात. लहानपणापासून हे तीन कप्पे तुमच्या डोक्यात आहेत, इंग्रजीत आल्यावर आपण ते तिन्ही एका ‘नो’मध्ये कोंबतो आणि मग आइसलँडिकमध्ये परत सोडवायला जातो, मग डोकं पिकणारच.

हे मी एवढ्या ठामपणे लिहितेय त्याला कारण आहे. मी सांगलीची, दहावीपर्यंत मराठी मीडियम. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे रेक्याविकला जायचं ठरलं तेव्हा माझे मोठे दीर सगळ्यांसमोर जेवताना म्हणाले की मराठी मीडियमवाल्यांना इंग्रजीच धड येत नाही, तिसरी भाषा काय शिकणार, तू आपली घरातच बस. सासूबाई काही बोलल्या नाहीत, मीही नाही बोलले, पण ते लागलं.

तिथे परदेशी लोकांसाठी संध्याकाळचा क्लास लावला. डिसेंबर, साडेतीनलाच सूर्य मावळलेला, आम्ही सगळे कामावरून दमून आलेले. वर्गात पोलंडचे लोक जास्त, आइसलँडमध्ये बाहेरून आलेल्यांमध्ये तेच सगळ्यात जास्त आहेत. बाईंनी याच तीन क्रियापदांचा रिकाम्या जागा भरायचा कागद दिला. माझ्या शेजारी एक पोलिश मावशी होत्या, हॉटेलात साफसफाईचं काम करायच्या, इंग्रजी जवळजवळ शून्य. त्यांनी आणि मी सगळ्यांच्या आधी कागद पूर्ण केला कारण पोलिशमध्येही माहीत असणं, ओळखणं आणि येणं यांना वेगवेगळी क्रियापदं आहेत. पलीकडे आपल्याकडचाच एक मुलगा, इंजिनिअर, फाडफाड इंग्रजी, तो सगळीकडे वेइत भरत होता, माणसालाही वेइत आणि पोहण्यालाही वेइत, आणि बाई परत परत त्याला खोडून देत होत्या. हुशार मुलगा होता, पण विचार इंग्रजीतून करत होता.

मग बाईंनी एकेकाला विचारलं, ‘कन्तू आद सिन्दा?’, म्हणजे पोहता येतं का. तिकडे शाळेत पोहणं सक्तीचं असतं त्यामुळे हा अगदी रोजचा प्रश्न. मी कृष्णेत पाठीला डबा बांधून शिकलेय, ‘येग कन आद सिन्दा’ असं तोंडातून आपोआप निघालं, मध्ये इंग्रजी आलंच नाही.

आणि हा काही योगायोग नाही. आइसलँडिकचं वेइत आणि संस्कृतातलं वेद, म्हणजे ‘मी जाणतो’, हे एकाच मुळातून आलेत. कुन्ना आणि आपलं ज्ञा, जाणणे हेही एकाच मुळातले. जर्मनमध्ये आजही विसेन, केनेन, क्योनेन असे तीन आहेत. जुन्या इंग्रजीतही विताचं भावंड होतं, ते मागे पडलं. तेव्हा तीन शब्द ‘का’ याचं उत्तर एवढंच, की बाकीच्यांनी ते जपले आणि इंग्रजीने भार सगळा एकावर टाकला. दिरांना मी हे फोनवर सांगितलं तर म्हणाले नशीब लागतं. नशीब नाही, मातृभाषा पक्की लागते. तुमच्या घरी कुणी लहान मुलाचं मराठी ‘पुढे कामाचं नाही’ म्हणून तोडत असेल तर त्यांना ही तीन क्रियापदं दाखवा. माझ्या पुतण्याला आता मीच व्हिडिओ कॉलवर मराठी वाचायला शिकवते.

आता मराठीने कुठे घसराल तेही सांगते. आपण ‘पुणं मला माहितीये’ म्हणतो, तिकडे गावालाही थेक्याच लागतं. रस्ता माहीत असणं याला तर वेगळंच क्रियापद आहे, राता, ते पहिल्या आठवड्यातच लागेल. आणि सगळ्यात मोठा खड्डा म्हणजे आपलं ‘येतं’. ‘मला पोहता येत नाही’ हे कुन्ना, पण ‘ताप आहे, आज पोहता येणार नाही’ इथे कुन्ना अजिबात नाही, तिथे गेता हे क्रियापद. कला अंगात आहे की नाही ते कुन्ना, आत्ता जमणार की नाही ते गेता. शिवाय ‘मला माहीत आहे’ मधला ‘मला’ तिकडे नेऊ नका, या तिन्हींना साधं येग, म्हणजे ‘मी’. ‘मला’ लागतो तो ‘म्येर फिन्स्त’ला, म्हणजे मला वाटतं, आणि ‘म्येर एर काल्त’ला, म्हणजे मला थंडी वाजतेय. तेही इंग्रजीवाल्यांना जड जातं, आपल्याला नाही.

अ‍ॅप मी कधी वापरलं नाही. आइसलँड विद्यापीठाचा ‘आइसलँडिक ऑनलाइन’ हा कोर्स फुकट आहे तो करा, आणि रूपं अडली की आर्नी माग्नुसोन संस्थेची ‘बीन’ नावाची साइट उघडा, शब्द टाकला की सगळी रूपं समोर येतात. वहीत अर्थ लिहिताना मात्र मराठीत लिहा.