टेक्सासला चाललोय. काउबॉय बूट कुठे घ्यावेत आणि रँचवर एखादी रात्र राहावं का?

बूट आधी, रँच नंतर. फोर्ट वर्थच्या स्टॉकयार्ड्स भागात बुटांची दुकानं आहेत, शिवाय तिथे लांब शिंगांच्या गुरांचा कळप रस्त्यावरून चालवत नेतात तोही बघायला मिळतो. एल पासो तर बूट बनवणाऱ्यांचंच गाव. १८८३ साली सॅन अँटोनियोत सुरू झालेली लुकेझी ही बुटांची कंपनी आता एल पासोतच आहे.

खरेदीला संध्याकाळी जा, दिवसभर चालून पाय थोडे सुजलेले असतात. या बुटांना नाडी नसते, त्यामुळे सगळी पकड पायाच्या वरच्या उंचवट्यावर. तिथे घट्ट हवा, चवड्याला मोकळा. नव्या बुटात टाच किंचित वर सरकते, म्हणून लगेच लहान नंबर मागू नका. तळ वाकू लागला की सरकणं कमी होतं. उंच टाच नुसती ऐटीसाठी नाही हं, रिकिबीतून पाय आरपार जाऊ नये म्हणून ती असते.

राहायला बँडेरा. सॅन अँटोनियोहून साधारण ८० किलोमीटर. तिथल्या बऱ्याच रँचवर जेवण आणि घोडेस्वारी भाड्यातच धरलेली असते. एक नाही, दोन रात्री राहा. शाकाहारी असाल तर मात्र बुकिंग करतानाच सांगा.