घराबाहेर पडता येत नसताना परीक्षेचा अभ्यास परिणामकारक कसा करावा?

पायाला प्लास्टर, अभ्यासिका सुटली, पूर्व परीक्षा तोंडावर आली आणि घरात लक्ष लागत नाही, असं तुम्ही लिहिलंय. वेळापत्रक कसं आखू आणि मोबाइलचं काय करू, हेही विचारलंय. वेळापत्रकाचं राहू द्या. घरी अभ्यास होत नाही त्याला बहुतेक वेळा घरचेच कारण असतात. हे कुणी तोंडावर बोलत नाही, म्हणून मी बोलते.

मार्च 2020 मध्ये मी पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन, राहून राज्यसेवेची (एमपीएससीची) तयारी करत होते. पूर्व 5 एप्रिलला होती. कोरोनामुळे अभ्यासिका बंद झाली, पाठोपाठ मेस बंद झाली, आणि मिळेल त्या गाडीने मी गावी आले, माढा तालुक्यात. कपडे दोन जोड आणि बाकी पिशवीभर पुस्तकं, कारण आठ-दहा दिवसांत परत जायचं असं सगळेच धरून चालले होते. ती परीक्षा झाली 21 मार्च 2021 ला. मध्ये तारखांवर तारखा पडल्या. 14 मार्चची तारीख तर तीन दिवस आधी रद्द झाली आणि पुण्यात पोरं रस्त्यावर उतरली, ते टीव्हीवर पाहिलं असेल.

म्हणजे वर्षभर घरच. दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, पुढे पडवी. मुंबईहून चुलतेही बायकापोरांसकट आलेले. आतून कडी लागणारी खोली एकच, ती दादाला. दादाही हीच परीक्षा देत होता, माझ्या आधीपासून. मी पडवीत, ज्वारीच्या पोत्यांना टेकून. पुस्तक उघडलं की हाक यायची, ‘मोकळीच आहेस तर एवढा लसूण सोलून दे.’ लसूण झाला की दूध, दूध झालं की चुलत्यांच्या पोराचा गृहपाठ. हातात पुस्तक घेऊन बसलेली मुलगी मोकळी, आणि कडी लावून मोबाइल बघणारा मुलगा अभ्यासात, हा हिशेब मला आजतागायत कुणी समजावून दिलेला नाही.

सांगून बघितलं, उपयोग शून्य. मग मी वडिलांना, अण्णांनाच कामाला लावलं. अण्णा सातवी शिकलेले. त्यांना म्हटलं, आयोगाचा जुना पेपर सोडवायचाय, दोन तास कुणीतरी घड्याळ लावून समोर बसावं लागतं आणि वेळ संपली की पेपर काढून घ्यावा लागतो. घरात बनियनवर वावरणाऱ्या माणसाने रविवारी सकाळी शर्ट घातला, पडवीच्या तोंडाशी खुर्ची टाकली आणि मांडीवर गजराचं घड्याळ घेऊन बसला. काकू पोत्यामागची परात घ्यायला आली. ‘पेपर चालू आहे,’ म्हणून तिला दारातूनच परत पाठवली. वेळ संपली तेव्हा माझे काही गोल भरायचे राहिले होते. म्हटलं, अण्णा, एक मिनिट. त्यांनी उत्तरपत्रिका हातातून ओढून घेतली.

त्यानंतर घरात ‘तिचा पेपर आहे’ हे रुळलं. आधी रविवारी, मग रोज सकाळचे दोन तास. त्या वेळेत लसणाची हाक दादाला जायला लागली. त्यावरून जे भांडण झालं ते अजून पुरतं मिटलेलं नाही.

तेव्हा घरात ज्याचं चालतं असा एक माणूस धरा आणि त्याला पर्यवेक्षक करा. त्याला विषय कळायची काही गरज नाही. तुमच्या पायाला प्लास्टर आहे म्हणजे तुम्हाला लसूण सोलायला आणखीच हक्काने बसवतील, हेही लक्षात ठेवा.

आता अभ्यास. दादाचा मंत्र होता, ‘एक पुस्तक पाच वेळा वाच.’ 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी नेमकं हेच तपासून बघितलं. पाच मिनिटांनी विचारलं तर उतारा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तर न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. परीक्षा पाच मिनिटांनी नसते. धडा वाचा, पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर आठवेल ते खरडा, मग काय राहिलं ते बघा. लगेच त्याच घटकावरचे आयोगाचे मागचे प्रश्न सोडवा. चुकलेल्यांची एक वही ठेवा. माझ्या वहीत राज्यघटनेच्या 11व्या अनुसूचीत (पंचायतींचे) 29 विषय, 12व्या अनुसूचीत (नगरपालिकांचे) 18, हे पानोपानी आहे, आणि तसंच असायला हवं. तीन रंगांच्या पेनांनी नव्या नोट्स काढणं हा अभ्यास नव्हे, चित्रकला आहे. स्टेट बोर्डाची पुस्तकं हाताशी नसतील तर बालभारतीच्या साइटवर फुकट मिळतात.

सीसॅट, म्हणजे पूर्वचा दुसरा पेपर, मुद्दाम गोंगाटात सोडवा. दोन तासांत 80 प्रश्न आणि त्यात लांबलचक उतारे. केंद्रावर शेजारचा खोकतो, बाहेर हॉर्न वाजतात. पडवीत बसून केलेल्या सीसॅटचा मला फायदाच झाला. त्या वेळी त्याचे गुण मेरिटमध्ये धरले जायचे.

मोबाइलचं म्हणाल, तर आमच्याकडे दादाचा सोडून स्मार्टफोन एकच होता आणि त्यावर चुलतभावाची शाळा भरायची, त्यामुळे मला हा प्रश्नच पडला नाही. तुमचा पर्यवेक्षकाच्या खिशात द्या.

पूर्व निघाली. मुख्य नाही निघाली. ‘पुण्यात असतीस तर निघाली असती,’ असं दादा पाहुण्यांसमोर अजून सांगतो. इतकी वर्षं पुण्यात काढून त्याची पूर्वसुद्धा का निघाली नाही, असं मी एकदा विचारलं तर आई माझ्यावरच उखडली. पुढे मी गट ‘क’ मधून लागले. पोस्ट कोणती ते सांगत नाही, गावातले लगेच ओळखतील.

घरात कुणी गंभीर आजारी असेल किंवा रोजची भांडणं असतील तर यातलं काही चालणार नाही. तेव्हा जमेल तसं दुसऱ्याच्या घरी जाऊन बसा. राज्यसेवेची मुख्य 2025 पासून वर्णनात्मक झालीय, तिला रोज लिहायचा सराव लागतो. त्याबद्दल मी बोलणार नाही, मी ती दिलेली नाही. दहावी-बारावीवाल्यांचंही वेगळं असतं.

आणि जुने पेपर तपासताना आयोगाची अंतिम उत्तरतालिकाच घ्या. पहिल्या तालिकेवर हरकती येतात, काही उत्तरं बदलतात, काही प्रश्न रद्द होतात. दादाच्या फायलीत अजून पहिलीच तालिका आहे.