वाचकांचे प्रश्न : गर्दीचा दोष की पाण्याचा?

प्रश्न : काका, मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. लंडनमध्ये १८५४ साली कॉलऱ्याची साथ आली, डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यूंच्या खुणा नकाशावर मांडल्या, त्या ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती दाटलेल्या दिसल्या, पंपाचा दांडा काढला आणि साथ थांबली, असं नववीला सांगितलं. एक पोरगा उठला नि म्हणाला, "बाई, पंप गर्दीतच बसवत्यात की! गर्दीत माणसं जास्त मरणारच. त्यात पाण्याचा काय दोष?" मला उत्तर सुचेना. काय सांगू?
— एक शिक्षिका, ता. कागल

उत्तर : बाई, आधी त्या पोराला शाबासकी द्या. बोलला ते बरोबरच. नुसत्या खुणांनी काही शाबीत होत नाही. त्या वेळी बहुतेक डॉक्टर कॉलरा घाणेरड्या हवेनं होतो असं मानत. तोच नकाशा त्यांच्यापुढं ठेवला असता तर म्हणाले असते, "बघा, त्या गल्लीची हवाच वाईट." शिवाय दांडा काढला ८ सप्टेंबरला आणि स्नोनं नकाशा लोकांपुढं मांडला डिसेंबरात. आपण गोष्ट उलटी सांगत आलोय.

स्नोनं खरं काम केलं ते दारोदार फिरून. आणि त्यानं नेमकी हिशेबात न बसणारी माणसं धरली. पंपाजवळ राहून वाचलेली, आणि लांब राहून मेलेली.

पंपाच्या त्याच रस्त्यावर बिअरचा कारखाना होता. सत्तरच्या वर कामगार, पण कॉलऱ्यानं एकही मेला नाही. कामगारांना बिअर फुकट मिळायची आणि कारखान्याची स्वतःची विहीर होती. जवळच्या गरीबखान्यात (निराधार गरिबांना ठेवायची जागा) पाचशेवर माणसं दाटीवाटीनं राहायची. तिथं मेली फक्त पाच. त्यांचंही पाणी वेगळं. तुमच्या विद्यार्थ्याला हेच दाखवा : गर्दी होती, हवा तीच होती, पाणी तेवढं निराळं होतं.

आता उलट बाजू. दुसरा पंप जवळ असलेल्या घरांत दहा मृत्यू दिसले. स्नो त्या घरी गेला. पाच घरांनी सांगितलं, आम्ही मुद्दाम ब्रॉड स्ट्रीटचंच पाणी आणवतो, आम्हाला तेच आवडतं. आणखी तिघं म्हणजे पंपाजवळच्या शाळेत जाणारी पोरं. आणि हॅम्पस्टेडची ती विधवा बाई! राहायची कितीतरी मैल लांब, त्या भागात कॉलऱ्याचा मागमूस नाही. पण पूर्वी ब्रॉड स्ट्रीटला राहिलेली, तिथल्या पाण्याची गोडी लागलेली, म्हणून गाडीतून ते पाणी मागवायची. ती गेली, आणि तिच्याकडं येऊन तेच पाणी प्यालेली भाचीही आपल्या घरी परत जाऊन गेली. हवा काही बाटलीत भरून तिथवर गेली नव्हती.

मी जिल्हा परिषदेत आरोग्यसेवक होतो. जुलाब-उलट्यांची साथ आली की आमच्यातले नवे लोक आजाऱ्यांचीच यादी करत बसायचे. मी मात्र ज्या घरात कुणी आजारी नाही तिथं आधी टेकायचो. नदीकाठच्या एका गावात सगळी गल्ली अंथरुणाला खिळलेली, पण मधलं एक घर ठणठणीत. तिथली आज्जी म्हणाली, "आमास्नी नळाचं पाणी सोसत न्हाई बाबा, आमी आडाचंच पितो." झालं, नळाची लाइन तपासायला घेतली. पाइप गटारीतूनच गेलेला, जॉइंट गळका. पाणी सुटलेलं असताना गळती बाहेर पडते, म्हणून कुणाला काही वाटत नाही. पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो आणि त्याच भोकातून गटारीचं पाणी आत ओढून घेतो. दुसऱ्या दिवशी पहिला हंडा ज्याचा, त्याच्या वाट्याला ते.

तुमच्या गोष्टीत आणखी एक दुरुस्ती. दांडा काढल्यामुळं साथ थांबली असं स्नो स्वतःही ठामपणे म्हणाला नाही. लोक आधीच घरं सोडून पळाले होते, मृत्यू उतरणीला लागले होते. पण पुढं हेन्री व्हाइटहेड या पाद्र्यानं शोध घेतला. आधी त्याचा स्नोवर विश्वास नव्हता, खोडून काढायलाच निघालेला गडी! त्याला ब्रॉड स्ट्रीटच्या ४० नंबरच्या घरातलं एक तान्हं बाळ सापडलं. त्याला साथीच्या आधीच जुलाब लागलेले. आईनं दुपटी धुतलेलं पाणी घरापुढच्या शोषखड्ड्यात ओतलं. खड्डा उकरून पाहिला, तर तो पंपाच्या विहिरीपासून तीन फुटांच्या आत, आणि दोन्हीकडची विटांची बांधणी ढिली झालेली. त्या बाळाचा बाप कॉलऱ्यानं पडला नेमका ८ सप्टेंबरला, दांडा काढला त्याच दिवशी. पंप चालू असता तर त्याची घाणही त्याच वाटेनं विहिरीत उतरली असती. म्हणून मी म्हणेन, दांडा वाया गेला नाही.

कॉलऱ्याचा जंतू पाण्यातून जातो हे रॉबर्ट कॉखनं १८८४ साली कलकत्त्याच्या तळ्यांतून दाखवलं. तोवर स्नो जाऊन २६ वर्षं झाली होती.

वर्गात करायचंच असेल तर मुलांना गावातल्या टाकीजवळच्या आणि लाइनच्या शेवटच्या नळाचं पाणी आणायला सांगा. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडं क्लोरीन तपासायचं साहित्य असतं, त्यालाच बोलवा. ओटीचे (क्लोरीन असेल तर पाणी पिवळं करणाऱ्या ऑर्थोटोलिडिन या रसायनाचे) थेंब टाकल्यावर टाकीजवळचं पाणी पिवळं झालं आणि शेवटच्या नळाचं पांढरंच राहिलं, तर मधली लाइन कुठून कुठं जाते ते पोरांना चालत बघून यायला सांगा. गटारी ओलांडते तिथं जरा थांबायचं.