आईला शुगर आहे, सीटी स्कॅनचं डाय इंजेक्शन द्यायला धोका आहे का?

आईच्या पोटाचं सीटी स्कॅन आहे, तिला शुगर आहे आणि फॉर्मवर 'जिवाला धोका' वाचून हातपाय गळाले, असं तुम्ही लिहिलंय. मी बेळगावात सीटी विभागात नर्स आहे. 11 वर्षं रोज हेच इंजेक्शन देते, म्हणून सांगते.

डाय म्हणजे आयोडीन असलेलं कॉन्ट्रास्ट औषध. ते एक्स-रे अडवतं, त्यामुळे रक्तवाहिन्या, लिव्हर, गाठ हे सगळं उठून दिसतं. शिरेत सुई लावून मशीनने साधारण 80 ते 100 मिली सोडतात. त्या वेळी अंगातून गरम लाट जाते, तोंड कडवट होतं, लघवी झाली की काय असंही वाटतं. झालेली नसते. आईला हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर ती दचकून हलेल आणि फोटो बिघडेल.

शुगरचं म्हणाल तर क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट आणि गोळ्यांची पाकिटं घेऊन जा. पाकिटावर मेटफॉर्मिन लिहिलंय का बघा. किडनी फारच कमजोर असेल तर ती गोळी स्कॅननंतर 48 तास बंद ठेवून, किडनी पुन्हा तपासून सुरू करतात. मनाने बंद करू नका. उपाशी यायला सांगितलं असेल तर सकाळची गोळी किंवा इन्सुलिन घ्यायचं का, तेही डॉक्टरांना विचारा. उपाशीपोटी घेतलं तर शुगर एकदम उतरू शकते.

मला शुगरपेक्षा जास्त काळजी वेगळीच असते. गेल्या पावसाळ्यात खानापूरकडच्या एक मावशी आल्या. फॉर्म कन्नड आणि इंग्रजीत, मुलाने 'ॲलर्जी नाही' वर खूण केलेली. सुई लावता लावता मी विचारलं, "मावशी, हे इंजेक्शन आधी कधी घेतलंय?"

"घेतलंय की, दोन वर्षांमागं. त्या दिवशी अंगभर पित्त उठलं हुतं, गांधीच गांधी. आमसुलाचं पाणी लावलं."

आपल्याकडे त्याला पित्त म्हणतात, ॲलर्जी कुणीच म्हणत नाही. डॉक्टरांनी स्कॅन एक दिवस पुढे ढकललं. मग 13 तास, 7 तास आणि 1 तास आधी प्रेडनिसोलोनच्या (ॲलर्जी दाबणाऱ्या स्टेरॉइडच्या) गोळ्या, शेवटी ॲलर्जीचं इंजेक्शन. मुलगा चिडला, पण दुसऱ्या दिवशी स्कॅन सुरळीत झालं. म्हणून आईला विचारताना 'पित्त उठलं होतं का, धाप लागली होती का' असंच विचारा. दम्याचा त्रास असेल तर तोही सांगा. फॉर्म कळत नसेल तर मराठीत समजावून मागा, संकोच करू नका.

गंभीर रिॲक्शन क्वचितच येते. आली तर मांडीत ॲड्रेनलिन देतात. ते आणि ऑक्सिजन आम्ही हाताशीच ठेवतो. ती बहुधा पहिल्या काही मिनिटांतच येते, म्हणून स्कॅननंतर अर्धा तास बसवून ठेवतो. बस चुकते म्हणून सुई काढायची घाई करू नका. तेवढा वेळ आईजवळ बसा, आणि खाज किंवा घसा आवळल्यासारखं वाटलं तर लगेच हाक मारा.