हर्नियाच्या आडून

"मॅडम, बेंबीच्या हर्नियाचं ऑपरेशन तर करायचंच आहे. त्याच वेळी पोटपण नीट करून घेतलं तर चुकलं का?"

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय, की समोरची बाई बसता बसता पदर पोटावर ओढते तेव्हाच तो कळतो. दोन बाळंतपणं झालेली, पोटाचे उभे स्नायू मधोमध फाकलेले, कातडी सैल पडलेली, खोकलं की बेंबीपाशी फुगवटा. सर्जन म्हणतात, दुरुस्ती करू. आणि जाता जाता सांगतात, हवं तर प्लास्टिक सर्जनना घेऊन टमी टकही, म्हणजे सैल पोट सपाट करायचं ऑपरेशन, एकाच भुलीत होईल. दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत हर्निया मागे पडलेला असतो.

इथे सांगतेय त्या बाई शिक्षिका, चाळिशीच्या आतबाहेरच्या. ओळख पटू नये इतके तपशील बदललेत. केएमटीच्या बसमध्ये एका पोरीनं उठून त्यांना जागा दिली आणि शेजारची विचारती झाली, "कितवा महिना?" धाकटा मुलगा तेव्हा सातवीत होता. त्या दिवसापासून लग्नाकार्यात फोटोची वेळ आली की बाई वाढपात गुंतलेल्या असत. नवरा म्हणे, "मला काय फरक पडत न्हाई." सासूबाई म्हणत, "हर्नियाचं कर की. बाकीची थेरं कशाला?"

पहिली दोन सत्रं त्या मला हर्नियाच समजावत राहिल्या. आतडं अडकू शकतं, रक्तपुरवठा तुटू शकतो, सगळं बरोबर. फुगवटा कडक झाला, आत जाईना, दुखून लाल-काळा पडला, उलट्या सुरू झाल्या तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा असतो, हेही त्यांना पाठ होतं. पण वकिलानं कच्ची बाजू मांडावी तसं त्या बोलत होत्या.

तिसऱ्या वेळी मी विचारलं, "समजा उद्या सर्जन म्हणाले, बाई, हर्निया नाहीच, तपासणीत चूक झाली. काय वाटेल?"

त्या बोलेनात. बाहेर रिक्षावाल्याचं कुणाशी तरी वाजलं होतं, ते संपलं, तरी गप्प. मग हळूच म्हणाल्या, "वाईट वाटंल."

आणि स्वतःच्याच उत्तरानं दचकून हसल्या. हसता हसता डोळे भरून आले. "म्हणजे मी हर्नियाच्या आडून मागत होतो की वो."

(कोल्हापुरी बायका 'गेलो-आलो' म्हणतात, बाहेरच्यांनी बुचकळ्यात पडू नये.)

प्रश्न साधाच होता, पण तो नेमक्या वेळी विचारायला मला बरीच वर्षं लागली, हे कबूल करते. सुरुवातीच्या काळात अशाच एका बाईंना मी शरीर आहे तसं स्वीकारण्यावर अर्धा तास सुनावलं होतं. त्या परत आल्या नाहीत. माझ्या तत्त्वज्ञानानं त्यांच्या हौसेला फक्त आणखी एक सासू मिळवून दिली होती!

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या वाटेची. त्यांनी १९५५ च्या सुमाराला मांडलेली एक गोष्ट मला अजून पुरते: हवंसं वाटणं आणि हवंच असणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. सपाट पोट आवडेल, यात लाजण्यासारखं काही नाही. ते झाल्याशिवाय मी चारचौघांत उभीच राहू शकत नाही, इथे दुखणं सुरू होतं. आणि हे दुसरं वाक्य सुरीनं कापून निघत नाही. ते घेऊन टेबलावर गेलेली बाई नंतर व्रणाकडे बोट दाखवते.

म्हणून काम दिलं: आठवडाभर संध्याकाळी रंकाळ्यावर फिरायचं, पोटावर हात न ठेवता. कुणी 'कितवा' विचारलंच तर "एकपण न्हाई, हर्निया आहे" एवढंच सांगायचं. आठवड्यानं आल्या त्या तक्रार घेऊनच. "कुणी विचारलंच न्हाई! उलट एक जुनी मैत्रीण म्हणाली, वाळलीस गं."

तरीही टमी टक हवंच का, असं विचारल्यावर म्हणाल्या, "आवडंल. पण न्हाई झालं तरी फोटोत उभा राहीन." आता ठरवायला हरकत नव्हती.

ऑपरेशन करा किंवा करू नका हे मी सांगत नाही. डॉक्टरांना काय विचारायचं ते मात्र आम्ही वहीत लिहून काढलं. नुसती बेंबीची दुरुस्ती बहुधा लहान असते. टमी टकमध्ये ओटीपोटावर एका बाजूपासून दुसरीपर्यंत चीर जाते, सैल कातडी निघते, फाकलेले स्नायू टाक्यांनी जवळ आणतात. कातडी सुटी केली की बेंबीला रक्त मिळतं ते तिच्या देठातून, आणि हर्निया नेमका त्या देठापाशी. त्यामुळे दोन्ही एकत्र करताना बेंबी वाचेल ना, हर्नियाला आधाराची जाळी लावायची तर ती कुठून बसवणार, हे दोन्ही सर्जनांना समोरासमोर बसवून विचारायचं. वजन उतरवायचं हे ऑपरेशन नव्हे. आधी वजन स्थिर हवं, आणि आणखी मूल हवं असेल तर थांबलेलं बरं. पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो, जखमेत पाणी साचतं, काही दिवस वाकून चालावं लागतं, पोटाला पट्टा लागतो. मिश्री लावत असाल तर तेही सांगा. लपवायच्या गोष्टींत आपल्याकडे ती पहिली, आणि तंबाखूनं जखम भरत नाही.

पैशाचंही तसंच. विमा हर्नियाचा खर्च देऊ शकतो, पॉलिसीतला प्रतीक्षाकाळ संपला असेल तर. सौंदर्यासाठीचा भाग आपल्या खिशातून. दोन्हींचा अंदाज वेगवेगळ्या कागदावर मागा. "सगळं हर्नियातच दाखवा की" म्हणणारा नातेवाईक प्रत्येक घरात असतोच, त्याला चहा द्या आणि विषय बदला.

वही घेऊन बाई दोन्ही डॉक्टरांना भेटल्या, मुलांच्या परीक्षा संपल्यावरची तारीख घेतली. पुढच्या वेळी आल्या त्या हसतच. सासूबाईंनी विचारलं होतं, ऑपरेशन नक्की कसलं?

"म्हटलं, दोन आहेत. एक हर्नियाचं, एक माझ्या हौसेचं."

"मग?"

"मग काय, जरा वेळ बघत बसल्या. मग म्हणाल्या, दीड महिना जड उचलायचं न्हाई म्हणतीस, मग पाणी कोण भरणार?"

प्रश्न रास्त होता. ते सगळं सत्र पाण्याच्या घागरी, सकाळचे डबे आणि नवऱ्याच्या ड्युटीच्या वेळा यांतच गेलं.