मल्टिप्लायर, तंगूस आणि गुंता: वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या प्रश्नांत एकच दुखणं वेगवेगळ्या किनाऱ्यांवरून आलंय, मासे गरवायला मल्टिप्लायर रीलने (ज्याचं स्पूल, म्हणजे फिरकी, फेकताना स्वतः फिरतं) शिसं फेकताना तंगुसाचा, म्हणजे नायलॉनच्या दोरीचा, होणारा गुंता. म्हणून हा अंक त्यालाच देऊन टाकला, बोट आणि जाळ्यांचे प्रश्न पुढच्या वेळी घेऊ.

प्रश्न: दादा, १२ फुटी सर्फ रॉड आणि मल्टिप्लायर रील घेतलंय. संध्याकाळी ऑफिस सुटलं की पुळणीवर गरवायला जातो. ०.३५ मिलिमीटरचा तंगूस आणि १२० ग्रॅमचं शिसं. दोन-तीन फेकी नीट जातात आणि मग स्पूलवर हे एवढं जंजाळ. रीलच्या बाजूची टोपी आवळली तर शिसं पुढ्यातच पडतं, सैल केली की परत गुंता. रील खराब आहे का?
(एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर: रील बहुतेक ठणठणीत असणार. तुम्ही ज्या टोपीशी झटापट करताय तिचा या दुखण्याशी फारसा संबंध नाही, आणि जवळजवळ सगळे नवखे नेमकी तीच टोपी फिरवत बसतात कारण बाहेरून हाताला तेवढंच लागतं.

आधी गुंता होतो कशामुळे ते बघा. पतंग उडवताना मांजा झटक्यात ओढला जातो आणि मग अचानक ढील थांबते, पण फिरकी आपल्याच नादात फिरत राहते आणि मांजा हातात गोळा होतो, ते आठवतंय ना? अगदी तेच. स्पिनिंग रीलमध्ये स्पूल जागच्या जागी असतं, तंगूस त्याच्या कडेवरून सुटत जातो. मल्टिप्लायरमध्ये स्पूल स्वतः फिरतं. समजा शिसं सेकंदाला ४० मीटरच्या वेगाने सुटलं आणि भरलेल्या स्पूलचा घेर १५ सेंटिमीटर आहे, तर स्पूलला सेकंदाला अडीचशेच्या वर फेरे मारावे लागतात, म्हणजे मिनिटाचा हिशोब केला तर सोळा हजारांच्या आसपास, आणि तेही स्पूलवर दाबून धरलेला अंगठा उचलल्या क्षणी शून्यावरून. शिसं हवेत गेलं की हवेच्या अडथळ्याने त्याचा वेग कमी होत जातो, स्पूलला मात्र कोणी सांगत नाही की आता हळू हो. ते जास्त तंगूस सोडतं, शिसं तेवढा नेत नाही, उरलेला तंगूस स्पूलवर फुगतो आणि पुढच्या वेटोळ्याला अडकतो.

मग स्पूलला आवर घालायची साधनं तीन. पहिली तुमची ती टोपी, बहुतेक रीलांत हँडलच्या बाजूला असते. ती स्पूलच्या आसाला दोन्ही टोकांनी दाबते. तिचं घर्षण स्पूल जोरात फिरो की हळू, साधारण सारखंच राहतं, म्हणजे सुरुवातीच्या पिसाट वेगाला ते पुरत नाही आणि फेकीच्या शेवटी, जेव्हा स्पूल मोकळं पाहिजे, तेव्हा ते नको इतकं लागतं. म्हणून टोपी आवळून गुंता थांबला तरी अंतर मरतं. ती एवढीच ठेवा की स्पूल अंगठ्याने डावी-उजवीकडे हलवून बघितलं तर अगदी किंचित टकटक जाणवावी. मग तिला हात लावू नका.

दुसरं साधन म्हणजे सेंट्रिफ्युगल ब्रेक. बाजूची प्लेट उघडली की बारीक दांड्यांवर सरकणारे प्लास्टिकचे छोटे ठोकळे दिसतील. स्पूल फिरलं की ते बाहेर फेकले जातात आणि कडीला घासतात. यातली गंमत अशी की त्यांचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, वेग दुप्पट तर ब्रेक चौपट, आणि वेग उतरला की ब्रेकही जवळजवळ गायब. फेकीच्या सुरुवातीला हेच तर हवं असतं. तिसरं साधन मॅग्नेट. ॲल्युमिनियमला लोहचुंबक चिकटत नाही हे शाळेत शिकलो, पण फिरतं ॲल्युमिनियम चुंबकाजवळ आणलं की त्यात विजेचे भोवरे तयार होतात आणि ते फिरण्याला विरोध करतात. स्पर्श नाही, झीज नाही. मॅग्नेट जवळ आणला की ब्रेक जास्त, लांब नेला की कमी, आणि बऱ्याच रीलांत हे बाहेरच्या बटणाने करता येतं. तुमच्या रीलमध्ये यातलं काय आहे ते आधी बघा, ठोकळे असतील तर मोठे ठोकळे लावा आणि जितक्या दांड्या तितके लावा, मॅग्नेट असेल तर जास्तीत जास्तवर न्या. लाज वाटू देऊ नका. सत्तर मीटर गुंत्याविना गेलेलं शिसं मासा पकडतं, रीलवर झालेला गोळा पकडत नाही. फेक सरळ आणि सारखी जायला लागली की मग एकेक ठोकळा कमी करा.

आता गुंता नक्की कुठे होतो ते तुम्ही लिहिलं नाहीत, आणि खरं निदान तिथेच आहे. शिसं सुटल्या सुटल्या, पहिल्या काही मीटरातच तंगूस फुगला तर दोष फेकीचा आहे. तुम्ही काठीला झटका देताय. शिसं टोकापासून साधारण अर्ध्या काठीएवढं खाली लोंबू द्या, काठी हळू सुरू करा आणि वेग वाढवत न्या, सगळी ताकद शेवटच्या भागात, उजवा हात ढकलतो आणि डावा हात खाली छातीकडे ओढतो. सुरुवातीलाच हिसका दिला की काठी आधी वाकते, मग सुटते, मग परत वाकते आणि स्पूलला दोन-तीन धक्के बसतात. अंगठा ओला किंवा वाळूने माखलेला असेल तर तो फेकीच्या मध्येच घसरतो, त्यानेही असंच होतं, शिवाय कातडी सोलते ती वेगळी. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून अंगठ्याला गुंडाळा, फुकटात काम होतं.

फुगवटा मधल्या टप्प्यात आला तर ब्रेक कमी पडतोय, किंवा तंगूस नीट भरलेला नाही. लेव्हलवाइंड (तंगूस आपोआप सारखा पसरवणारी सोय) नसलेल्या रीलवर गुंडाळताना अंगठ्याने तंगूस डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे न्यावा लागतो, आणि मासा लागला किंवा कंटाळा आला की आपण ते विसरतो आणि मध्ये उंचवटा किंवा एका कडेला खड्डा तयार होतो. पुढच्या फेकीला त्या खड्ड्यात वेटोळी घसरतात. दोन-तीन फेकी नीट आणि मग गुंता असं तुमचं आहे ना, मला तरी इथेच संशय आहे. स्पूल काठोकाठही भरू नका, कडेपासून दोन-तीन मिलिमीटर रिकामं ठेवा.

आणि शिसं पाण्याला लागताना गुंता होत असेल तर अंगठा झोपलाय. शिसं खाली यायला लागलं की फिरत्या स्पूलवर अंगठा पिसासारखा हलका, पाण्याला लागलं की पक्का.

अजून एक. तुम्ही संध्याकाळी जाता, म्हणजे खारे वारे थेट तोंडावर. समोरच्या वाऱ्यात शिसं लवकर थांबतं, स्पूल थांबत नाही, म्हणजे नवख्या माणसाने सगळ्यात वाईट वेळ निवडलीय. रविवारी पहाटे जा, मतलई वारा पाठीमागून असतो तेव्हा. गरी न लावता नुसतं शिसं फेका, आणि आमिषाशिवाय जमलं की मगच कोळंबी किंवा बांगड्याचा तुकडा लावा. तोही लोंबता ठेवू नका, बारीक इलॅस्टिक दोऱ्याने गरीला घट्ट बांधा, फडफडणारं आमिष शिशाला हवेत ब्रेक लावतं आणि परत तेच रामायण.

प्रश्न: मित्र म्हणतो तंगूस काढून ब्रेड (विणलेली दोरी) लाव, बारीक असते, लांब जाते. खरंय का? आणि शॉक लीडर (शिशाकडच्या टोकाला जोडायचा जाड तंगूस) लावलाच पाहिजे का, गाठ काठीच्या रिंगमध्ये अडकते.
(एक वाचक, मालवण)

उत्तर: ब्रेड बारीक असते हे खरं, पण मल्टिप्लायरवर शिकत असाल तर नको. ताण पडला की वरचं वेटोळं खालच्या थरात रुततं, पुढच्या फेकीला तिथे अडकतं, स्पूल फिरतच राहतं आणि मग जो गुंता होतो तो सोडवायला नखं पुरत नाहीत, कात्रीच लागते. शिवाय ब्रेडला ताण खायची सवय नाही, अंगठा चुकला की बोट कापतं. तंगूस थोडा ताणला जातो, झटका पचवतो, दिसतो पण नीट.

लीडर मात्र लावलाच पाहिजे, यात चर्चा नाही. ढोबळ नियम असा की शिशाच्या दर औंसाला लीडरची १० पौंड ताकद. औंस म्हणजे २८ ग्रॅम, तर १५० ग्रॅमला साधारण ५५, म्हणजे ६० पौंडाचा लीडर घ्या. लांबी एवढी की शिसं लोंबवून फेकीच्या तयारीत उभं राहिल्यावरही स्पूलवर लीडरचे सहा-सात वेढे उरले पाहिजेत. ०.३५ चा तंगूस साधारण १५ पौंडाचा असतो, तो नुसता लावून जोर काढला आणि तुटला तर १५० ग्रॅम शिसं कुठे जाईल याचा नेम नाही, आपल्या पुळणीवर आजकाल किती माणसं असतात ते तुम्हाला माहीत आहे. फेकायच्या आधी मागे आणि दोन्ही बाजूंना बघा, दर वेळी. गाठीचं म्हणाल तर ती बारीक बांधा, टोकं जवळ कापा, आणि गुंडाळताना स्पूलच्या एका कडेला येईल अशी ठेवा. अंगठ्याखाली आली तर सुटताना अंगठा चिरते.

प्रश्न: नमस्कार काका, मी मूळचा डोंबिवलीचा, आता इंग्लंडला डॉर्सेटमध्ये असतो, चेझिल बीचवर जातो. इथल्या क्लबमध्ये जुनं स्वीडिश मल्टिप्लायर मिळालं. उन्हाळ्यात एका सेटिंगवर गुंता व्हायचा, आता थंडीत तेच सेटिंग ठेवलं तर गुंता नाही पण फेकीचं अंतर कमी झालंय. असं का?
(एक वाचक, डॉर्सेट)

उत्तर: वा, बहुधा ॲबू कंपनीचं ॲम्बॅसेडर असणार, त्या घराण्याचं पहिलं रील १९५२ साली बाजारात आलं आणि तुमच्या तिकडच्या किनाऱ्यांवर ते लोक अजून जपून ठेवतात. कारण सोपं आहे, बेअरिंगमधलं तेल. थंडीत ते घट्ट होतं, स्पूल आपोआप हळू होतं, उन्हात पातळ होतं आणि स्पूल सुसाट. फेकणारे जुने लोक मुद्दाम जाड-पातळ तेल बदलून रील काबूत ठेवायचे. तेव्हा थंडीला बेअरिंगमध्ये पातळ तेलाचा एक थेंब, एकच, आणि उन्हाळ्यात जाड तेल किंवा एखादा ब्रेक जास्त. थंडीत बोटं बधिर होतात, अंगठ्याला स्पूलची जाणीव राहत नाही, हेही धरा. शिवाय त्या बाजूला मैदानावरच्या स्पर्धांत १५० ग्रॅमचं शिसं २५० मीटरच्या पुढे नेणारे लोक आहेत, त्यांचं सेटिंग ऐकून ब्रेक काढून रील मोकळं सोडू नका, ते रोज तेच करतात.

प्रश्न: गुंता झाला तर सोडवायचा कसा? मी ओढत बसते आणि तो अजून आवळतो.
(एक वाचक, अलिबाग)

उत्तर: ओढू नका, पहिला नियम तोच. अंगठा गुंत्यावर जोरात दाबा, गिअर लावा आणि दाबूनच हँडलचे दोन-तीन फेरे मारा, मग स्पूल मोकळं करून तंगूस हळू ओढून बघा. वरवरचा गुंता असेल तर एवढ्यानेच बहुतेकदा सुटतो, वर आलेली वेटोळी चपटी होऊन बाहेर सरकतात. नाही सुटला तर अडलेल्या टोकाखाली आडवं पडलेलं वेटोळं शोधा, एकच असतं बहुतेक, ते दातकोरणीने किंवा बॉलपेनच्या टोकाने अलगद उचला, थोडा तंगूस काढा, परत अडेल, परत शोधा. अंधारात, डोक्याला टॉर्च नसताना आणि भरती चढत असताना हे करायला जाऊ नका, दुसरं भरलेलं स्पूल सोबत ठेवा आणि हे घरी जाऊन चहा पीत सोडवा. सुटल्यावर तो भाग बोटांत धरून सरकवा, जिथे पांढरी घडी किंवा खरखर लागेल तिथून पुढचा तंगूस कापून टाका, तिथेच तुटणार आहे तो. आणि घरी गेलात की रीलला गोड्या पाण्याची हलकी धार, जोराचा फवारा नको, त्याने मीठ आणि वाळू आत जाते.

प्रश्न: एवढा त्रास असेल तर स्पिनिंग रीलच का नको?
(एक वाचक, वेंगुर्ले)

उत्तर: खडपावरून २०-३० ग्रॅमचं लूर (खोटं आमिष) फेकून जिताडा किंवा तांबोशी बघायची असेल तर स्पिनिंगच घ्या, हलक्या वजनाने जड स्पूल फिरत नाही. पुळणीवरून शंभर ग्रॅमच्या वरचं शिसं, तळाला आमिष आणि वागळीसारखा मोठा मासा असं गणित असेल तर मल्टिप्लायर घ्या, त्यात तंगूस थेट स्पूलवर येतो, स्पिनिंगसारखा रोलरवरून काटकोनात वळत नाही, मोठ्या माशाला ओढताना तो फरक हाताला कळतो. दोन्ही घेण्याइतके पैसे असतील तर घरच्यांना एकाचीच किंमत सांगा.