पंचावन्नाव्या वर्षी पहिला रॉक शो

पंचावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा रॉक शोला जाऊ का, म्हणून विचारतोस? जा की गा! लाजायचं काय त्यात? २०११ च्या ऑक्टोबरात बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर मेटालिका हा अमेरिकन बँड बघायला गेलो, तेव्हा माझे केस पिकलेलेच होते. शेजारची पोरं 'अंकल' म्हणत होती, पण पाण्याची बाटली आधी मलाच देत होती.

एकच गोष्ट मनावर घे, कान. १०० डेसिबलचा आवाज कानाला साधारण पंधरा मिनिटंच सोसतो, आणि शो चालतो दोन-दोन तास. मेडिकलमधून फोमचे इअरप्लग घे. बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हातानं कान वर ओढायचा, आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत दाबून धरायचे. नुसते खोचलेस तर उपयोग शून्य. मी पहिल्या शोला कापूस घातला होता. दोन दिवस कानात रातकिडे ओरडत होते.

स्टेजला चिकटायची हौस पोरांना असू दे. तू साउंड मिक्सरवाल्याच्या तंबूजवळ उभा राहा. तो जे ऐकून आवाज जुळवतो, तेच तुला ऐकू येतं. बूट मात्र जुनेच घाल.

आणि त्याच रात्री परतायचा हट्ट नको, लॉज घे. मी एकदा धावतपळत राणी चन्नम्मा एक्सप्रेस पकडली, मेल्यासारखा झोपलो आणि बेळगाव सोडून थेट मिरजेत जागा झालो. बायकोला अजून तिकीट तपासनीसाची गोष्ट सांगितलेली नाही.